डब्यावरचा आकडा की भिंतीवरचा पट्टा?

घराला बाहेरून रंग किती लागेल, हे काढायच्या दोन्ही रीती मी करून पाहिल्या. डब्यावर दोन हातांना लिटरमागे जेवढे चौरस फूट लिहिलेत, त्याने क्षेत्रफळाला भागायचं, ही एक. दुसरी पट्ट्याची: प्रायमर वाळला की प्रत्येक जातीच्या भिंतीवर ५ बाय ५ फुटांचा चौकोन आखायचा, दोन हात मारायचे आणि गेलेला रंग मोजायचा.

डब्याची रीत खुर्चीत बसून होते. पडवीच्या गुळगुळीत भिंतींना ती चोख जुळली, नावं ठेवायला जागा नाही. पण चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या बाजूच्या भिंतींना सँडफेस, म्हणजे वाळूसारखं खरखरीत, प्लॅस्टर आहे. १२०० चौरस फूट, लिटरला ५० धरून २४ लिटर आणले. रोलर त्या रवाळ खाचांत पोचेना, पेंटरने ब्रश घेतला आणि पश्चिमेच्या भिंतीच्या मध्यावर डबे संपले. एकूण लागले ३६.

त्याच दुकानातून, त्याच शेड नंबरचे आणखी १२ आणले. ओला असताना रंग अगदी तोच वाटला. वाळल्यावर जिन्याच्या खिडकीखाली, जुने आणि नवे डबे जिथे भेटले तिथे, उभी रेघ! सकाळी दिसत नाही, पण दुपारी ३ नंतर ऊन तिरपं झालं की आलेला पाहुणा हटकून विचारतो, "इथे गळत होतं का हो?"

पुढच्या वर्षी कंपाउंडला पट्टा मारला. भिंत चिऱ्याची, तहानलेली. २५ चौरस फुटांना पुरता लिटर गेला. ४०० फुटांचे १६ लिटर एकदम आणून एका पिंपात ढवळले, शेवटी मगभर उरला. मोजायचा तो पाणी घालण्याआधी. मी आधी पाणी घातलेलाच मोजत होतो, पेंटरने हातातला मग काढून घेतला. एक दिवस मोडतो, त्याची कुरकुरही ऐकावी लागते. छज्ज्यांच्या खालच्या बाजूला पट्टा कोण मारणार? क्षेत्रफळातून खिडक्या वजा न करता मी ते भागवून घेतो, अंदाजच तो.

तुमच्या भिंती सगळीकडून गुळगुळीत असतील तर डब्यावरचा आकडा पुरेल बहुधा. यंदा पडवीला मीही तोच धरणार आहे. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र चौकोन आखून झालाय, रेघेच्या बरोबर वर.