आधी चाल की आधी शब्द? सांगलीत गाणी लिहू पाहणाऱ्यांसाठी

कविता जमतात, आता गाणं लिहायचंय, पण पेटी वाजवता येत नाही. अशांपुढे दोन वाटा असतात. तयार चालीवर आपले शब्द बसवायचे, नाहीतर आधी शब्द लिहून चाल दुसऱ्याकडून लावून घ्यायची.

चालीवर लिहिणं म्हणजे खालच्या दर्जाचं, असं म्हणत कविमंडळी नाक मुरडतात. मला ते पटत नाही. भजनी मंडळं, शाहीर, कलापथकं याच तालमीत तयार झाली. इथे चूक जागच्या जागी सापडते. एक अक्षर जास्त झालं की गाताना जीभ अडखळते. लांबवायच्या सुरावर 'ई' आली की आवाज चिमटल्यासारखा होतो, तिथेच 'आ' किंवा 'ओ' ठेवा, गळा मोकळा होतो. तोटा असा की मूळ शब्द डोक्यातून हलत नाहीत आणि आपलं गाणं विडंबन वाटू लागतं. शिवाय सिनेमाची चाल सरावापुरती ठीक. यूट्यूबवर टाकायचं तर परवानगी हवी. जात्यावरच्या ओवीच्या परंपरागत चालीला ही कटकट नाही.

शब्द आधी लिहिणाऱ्यांना आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांचा दाखला द्यायला आवडतो. 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणातली 56 गाणी त्यांनी लिहिली, सुधीर फडक्यांनी चाली लावल्या. खरंय, पण त्या शब्दांत लय आधीच होती. आपण मुक्तछंद नेऊन दिला तर संगीतकार 'मीटरमध्ये बसत नाही' म्हणून परत करणार. म्हणून या वाटेनं जायचं तर आधी अभंगाचं माप हाताला बसवा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक.

पाणी चढे घाटी
पायऱ्या बुडाल्या
गप्पा सरकल्या
पारावर

काव्य म्हणून बेतास बात आहे, पण कुणीही गाऊ शकेल.

दुसऱ्याच्या गाण्यातून काय उचलायचं, हे मात्र अण्णाभाऊ साठ्यांकडून शिकावं. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा हा माणूस. 'माझी मैना' या छक्कडीत, म्हणजे लावणीच्याच एका प्रकारात, त्यांनी लावणीतला विरहाचा साचा घेतला, गावी राहिलेल्या मैनेचं रूप रंगवलं आणि मग तीच ताटातूट बेळगाव-कारवारसाठीच्या लढ्याला लावली. साचा जुना, दुःख त्यांच्या काळाचं. शब्द मात्र उसने नाहीत.

तर निवड अशी: वृत्तात, छंदात आधीपासून लिहीत असाल आणि ओळखीत चाल लावणारं कुणी असेल, तर शब्दांपासून सुरुवात करा. बाकीच्यांनी चाल धरावी. त्यातही गणपतीत मंडळासाठी गाणं हवं असेल तर दुसरा विचारच नको. झील धरणाऱ्या, म्हणजे मागून साथीला गाणाऱ्या पोरांना ओळखीची चाल लागते आणि तालमीला चार संध्याकाळी मिळाल्या तरी पुष्कळ.