१९६९ च्या कॅमारोला कार्बन फायबरचं बॉनेट आणि फेंडर लावले, पैसे वसूल झाले का?

आधी निकाल सांगून टाकतो, मग लांबण लावतो. बॉनेट घ्या, डोळे झाकून घ्या. फेंडर, म्हणजे पुढच्या चाकांवरचे पत्रे, घ्यायचे तर विचार करून घ्या. दारांच्या नादी लागूच नका. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

आता सविस्तर. मी मिशिगनला डेट्रॉइटजवळ राहतो आणि माझ्याकडे शेवरलेटची १९६९ ची कॅमारो आहे, ओहायोतल्या नॉरवूडच्या प्लांटमधली, साधी स्मॉल ब्लॉकवाली (लहान आकाराचं व्ही-८ इंजिन), म्हणजे लिलावात कोणी हात वर करेल अशी नाही, त्यामुळे तिच्यावर प्रयोग करताना जिवाला घोर नसतो. इथून तासाभराच्या अंतरावर एक छोटं दुकान आहे, पाच-सहा माणसं, रेसिंगचे कार्बनचे पार्ट करतात. त्यांना पहिल्या पिढीच्या कॅमारोचे (१९६७ ते ६९, पण ६९ चा पत्रा बराचसा वेगळा) पॅनल नव्याने डेव्हलप करायचे होते आणि मापं घ्यायला न ठोकलेली गाडी हवी होती. मी गाडी दिली, बदल्यात मला डिस्काउंट. दुकानाचं नाव लिहित नाही कारण डिकीच्या झाकणाचं काम अजून त्यांच्याकडेच अडकलंय आणि मला ते झाकण हवंय.

कार्बन म्हटलं की सगळे वजनाचं बोलतात. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठपट, कार्बन-इपॉक्सीची (कार्बनचं कापड आणि ते पक्कं करणारं रेझिन) दीडपटीच्या आसपास, झालं, विषय संपला असं लोकांना वाटतं. पण कापड सगळ्यांचं सारखंच असतं हो. ते चौकड्याचं चमकदार ३के ट्विल, म्हणजे एका धाग्यात ३००० तंतू, आज कोणालाही ऑनलाइन मिळतं. खरा पैसा जातो साच्यात. मी इकडे येण्याआधी भोसरीत प्रेस शॉपला होतो, तिथे एकेका डायवर लोकांनी महिनोन् महिने घासाघाशी केलेली बघितलीय, त्यामुळे हे मला कोणी शिकवायला नको होतं, पण कार्बनवालेही त्याच दुखण्याने हैराण असतात हे बघून बरं वाटलं.

बाजारात स्वस्तातले जे पॅनल मिळतात त्यातले बरेच कसे बनतात तर एक जुना फेंडर आणायचा, त्याच्यावर मेण लावायचं, फायबरग्लास थापून साचा काढायचा, की धंदा सुरू. आता पेणला गणपतीच्या साच्यात नाकाचा टवका गेला तर त्या हंगामातला प्रत्येक गणपती टवका घेऊनच जन्माला येतो, तसं इथे कोणा अनोळखी माणसाने १९७४ साली केलेलं डेंटिंग तुमच्या कोऱ्या कार्बन फेंडरवर दिसतं. वर पॉलिएस्टरचा साचा सुकताना आकसतो तो वेगळाच.

या लोकांनी तसं केलं नाही, त्यासाठी पहिला मार्क. माझ्या गाडीवर छोटे छोटे गोल स्टिकर चिकटवून निळ्या प्रकाशाच्या स्कॅनरने पूर्ण पुढचा भाग स्कॅन केला, शिवाय कुठूनतरी जुन्या स्टॉकमधले न वापरलेले ओरिजिनल फेंडर मिळवून तेही स्कॅन केले. मग स्क्रीनवर डावा फेंडर आरशात फिरवून उजव्यावर ठेवला तर दोघांचा मेळच नाही! दाराजवळच्या कडेला चांगला फरक, हेडलाइटच्या वर थोडा कमी. त्या काळात वर्षाला दोन लाखांवर कॅमारो काढायच्या तर असं होणारच, शिम (फट भरायची पातळ चकती) टाका आणि पुढे ढकला. मग प्रश्न असा की साचा कोणाच्या मापाने करायचा, कंपनीच्या चुकीसकट की चूक सुधारून? सुधारून केला तर पॅनल सुंदर होतो पण तुमच्या वाकड्या गाडीवर बसत नाही. त्यांनी मधला मार्ग काढला. दिसणारे पृष्ठभाग आणि वरची ती धारदार रेघ दोन्ही बाजूंना एकसारखी केली, पण बोल्टच्या जागा मूळ पत्र्याप्रमाणे ठेवल्या आणि भोकं लांबट दिली. माझ्या मते हाच सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

त्यानंतर टूलिंग बोर्डाचे ठोकळे सीएनसीवर कापून मास्टर, म्हणजे मूळ नमुना, त्याला घासून घासून आरसा केला, आणि त्याच्यावरून साचा काढला तोही कार्बनचाच. मी विचारलं अॅल्युमिनियमचा का नाही, टिकाऊ पडेल की. तर गणित असं आहे की हे पॅनल साधारण १२० अंश सेल्सिअसला भाजतात, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या १०० अंश वर, आणि अॅल्युमिनियम तेवढ्यात मीटरमागे २.३ मिलिमीटर वाढतं, कार्बन जवळजवळ वाढतच नाही. बॉनेट मीटरभराहून लांब, आणि दोन पॅनलमधली गॅप आपल्याला हवी ४ मिलिमीटर. बसा मग हिशोब करत.

कापड प्रीप्रेग, म्हणजे रेझिन आधीच मुरवलेलं, उणे १८ ला फ्रीजरमध्ये ठेवतात आणि बाहेर काढलं की त्याचे दिवस भरायला लागतात. थर साच्यात हाताने दाबून बसवायचे, वरून पिशवी लावून हवा ओढायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाब देणारी बंद भट्टी) ६ बारच्या आसपास दाबाखाली भाजायचं. नुसत्या व्हॅक्यूमने जास्तीत जास्त १ बार दाब मिळतो, म्हणून फरक पडतो, आत हवेचे बुडबुडे राहत नाहीत आणि जादा रेझिनचं वजन वाहावं लागत नाही. ब्रशने रेझिन फासून केलेल्या पॅनलला कार्बन म्हणायला हरकत नाही, पण काही महाभाग फायबरग्लासवर वरून एकच थर कार्बनचा लावून विकतात ते मात्र चीटिंग आहे. विकत घेताना पॅनल उलटा करून बघा, आतल्या बाजूचा फोटो मागा, नाही दिला तर पुढच्या दुकानात जा.

बॉनेट आलं ते लाकडी खोक्यात, पॅकिंग एक नंबर. घरच्या वजनकाट्यावर मी ते उचलून उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं, वीस-बावीस पाऊंड. जुनं लोखंडी पन्नासच्या घरात होतं. एका हाताने उचलता येतं हो, बायकोनेही उचलून बघितलं आणि म्हणाली याला एवढे पैसे दिलेस? खालची फ्रेम पण कार्बनची, बिजागऱ्या आणि लॅचच्या जागी धातूच्या प्लेट आतून चिकटवलेल्या. आणि जिथे धातू कार्बनला टेकतो तिथे मध्ये काचेच्या फायबरचा पातळ थर, हे मुद्दाम बघितलं कारण कार्बन आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना भेटले की अॅल्युमिनियम सडायला लागतं, आणि लोखंडही गंजतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, मी गाडी तेव्हा काढत नाही, पण तरी.

आता तक्रार. बॉनेट बसवलं, बंद करायला गेलो, तर पुढून दाबलं की मागचे कोपरे काचेजवळ वर उचलले जातायत, चांगले बोटभर, आणि आतून कुर्र असा आवाज. काळजात धस्स झालं. कारण अगदी साधं आहे, ६९ च्या बिजागऱ्यांना जाड स्प्रिंग असतात, त्या लोखंडी बॉनेटचं वजन तोलायला केलेल्या, आणि वरचं वजन निम्म्याहून कमी झालं तर त्या स्प्रिंग नव्या बॉनेटलाच वाकवणार. हलक्या स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट लावल्याशिवाय कार्बनचं बॉनेट बंद करायचंच नाही. हे खोक्यात एका कागदावर लिहून द्यायला काय जात होतं? फोन केला तर तीन दिवसांनी उचलला आणि म्हणे हो हो, स्प्रिंग बदलाव्याच लागतात, सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना म्हणजे कोणाला? ज्याने आयुष्यात पहिल्यांदा कार्बनचं काही घेतलंय त्याला कसं माहीत असणार? नशिबाने तडा गेला नाही. स्प्रिंग बदलल्यावर आता दोन बोटांनी बंद होतं. पुढे हुड पिन पण लावून घेतल्या, कारण हायवेला एवढं हलकं बॉनेट एका लॅचच्या भरवशावर सोडायची माझी छाती नाही.

मी काउल इंडक्शनवालं घेतलंय, मागे काचेकडे तोंड असलेला फुगवटा, ६९ ला शेवरलेट ते झेडएल२ या ऑप्शन कोडने देत होती. विंडशील्डच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो म्हणून तिथून इंजिनला थंड हवा खेचायची. नकली बॉनेटांत हा फुगवटा नुसता शोभेचा असतो, यात आतला मार्ग खरा दिलाय आणि एअर क्लीनरच्या रबर सीलला बरोबर भेटतो. इथे मन भरून आलं, खोटं नाही बोलत.

फेंडरचं मात्र संमिश्र. आकार अप्रतिम, वरची रेघ पत्र्यापेक्षा जास्त तीक्ष्ण आहे. पण डाव्या बाजूला दाराशी गॅप वर ४ आणि खाली जवळपास ६ मिलिमीटर येत होती, माझ्याच गाडीचं माप घेऊन! पत्र्याचा फेंडर असता तर लाकडी ठोकळा लावून दोन टोले दिले असते, कार्बनला टोला देता येत नाही, जे आहे ते घासून किंवा शिमने. मी आणि एक दोस्त अख्खा शनिवार शिम सरकवत बसलो तेव्हा कुठे पाचाच्या आत आलं. बोल्ट आवळतानाही जपून, मोठे वॉशर लावून. आणि पार्किंगमध्ये कोणी शॉपिंग कार्ट ठोकली तर पत्र्याला पोचा येतो, याला तडा जातो, आणि तो दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक गावात नसतो.

रंगाचं एक. बॉनेट मी विणकाम दिसतं तसं क्लिअर कोट मारून ठेवलं, फेंडर गाडीच्या गडद निळ्या रंगात. पेंटर जुना खोड आहे, त्याने पहिलं विचारलं की पॅनल पोस्ट-क्युअर केलेत का, म्हणजे रेझिन पूर्ण पक्कं व्हायला पुन्हा भाजलेत का. कारण गडद रंग भर उन्हात इतका तापतो की रेझिन नीट पक्कं झालेलं नसेल तर काही महिन्यांनी रंगाखालून विणकामाची नक्षी उमटते, आणि मग परत सगळं घासा. यांनी केलं होतं. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळावा) दिवसभर उन्हात उभी होती, फेंडर अजून गुळगुळीत. उघड्या कार्बनचं म्हणाल तर इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं, त्यामुळे यूव्हीवाला चांगला क्लिअर मारा, तिथे पैसे वाचवू नका.

त्याच क्रूझला एक काका येऊन म्हणाले की ६९ च्या गाडीला असलं काही लावणं म्हणजे पाप आहे, ओरिजिनल ठेवायला हवी होती. ऐकून घेतलं. पण त्या काळातले लोक काय सोवळे होते का? साठच्या दशकात पेन्स्केच्या रेसिंग टीमने ट्रान्स-अॅम रेससाठी कॅमारोचा पत्रा अॅसिडमध्ये बुडवून पातळ केला होता आणि छताला पडलेल्या सुरकुत्या लपवायला वर व्हिनाइल चिकटवलं होतं. १९६८ च्या हेमी डार्टला (डॉजची ड्रॅग रेसची गाडी) तर बॉनेट आणि पुढचे फेंडर फायबरग्लासचेच. कार्बन मिळत असतं तर त्यांनी ते सोडलं असतं असं मला तरी वाटत नाही. मी जुना पत्रा फेकलेला नाही, गॅरेजमध्ये भिंतीला टांगलाय, हवं तेव्हा परत लावता येईल.

खर्चाचं बोलू. डिस्काउंट धरूनही बॉनेट दोन हजार डॉलरच्या आसपास पडलं, पत्र्याचं नवं रिप्रॉडक्शन त्याच्या पाव-तिहाई किमतीत मिळतं. फेंडरची जोडी त्याहून महाग. सगळं मिळून पुढच्या टोकावरून साठेक पाऊंड उतरले, आणि गाडी ३३०० पाऊंडांच्या वर, म्हणजे दोन टक्केही नाही. स्टिअरिंग जरा हलकं वाटतं, पण ते खरं की पैसे घातल्यामुळे वाटतंय सांगता येत नाही. नुसतं वजनच उतरवायचं असेल तर लोखंडी सिलिंडर हेड काढून अॅल्युमिनियमचे टाका, चाळीस-पन्नास पाऊंड तिथेच जातात आणि वर ताकद वाढते. ज्यांच्याकडे रग्गड पैसा आहे त्यांच्यासाठी विस्कॉन्सिनची स्पीडकोर किंवा ओक्लाहोमाची फिनाले स्पीड अख्खी बॉडीच कार्बनची करून देतात, चार्जर म्हणा, कॅमारो म्हणा, ती दुनिया वेगळी, आपण फोटो बघायचे.

दारं नको का म्हणालो, तर आत काच, रेग्युलेटर, कुलूप, बिजागऱ्या सगळं लोखंड तसंच राहतं, वाचतं ते वरच्या कातडीचं वजन, आणि बाजूने कोणी येऊन धडकलं तर माझ्या आणि त्याच्यामध्ये मला पत्राच बरा वाटतो. ड्रॅग स्ट्रिपवरच पळवणार असाल तर गोष्ट वेगळी.

स्टार द्यायचेच तर बॉनेटला साडेचार, फेंडरला तीन, पॅकिंगला पाच, फोन उचलण्याला एक. डिकीचं झाकण थँक्सगिव्हिंगपर्यंत देतो म्हणालाय, मी पुढचा उन्हाळा धरून चाललोय. या वेळी ऑर्डर देतानाच लेखी विचारून घेतलं की कुठल्या स्प्रिंग, कुठले बोल्ट, किती आवळायचे, आणि उत्तर आल्याशिवाय अॅडव्हान्स दिला नाही.