नेट झीरो ऑफिस : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

एप्रिलमध्ये भर दुपारी लाइट गेले. गच्चीवर सोलर पॅनल उन्हात तळत होते आणि खाली डिझेल जनरेटर धडधडत होता. मेंटेनन्सच्या बिलात त्याचे युनिट वेगळे लावले, तेही नेहमीच्या विजेच्या दुपटीहून जास्त दराने. पुण्यात बाणेरच्या या 'नेट झीरो' इमारतीत भाडं जरा जास्तच मोजतोय मी, ते यासाठी?

मॅनेजरशी वाजलं. तो म्हणाला, ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइट गेले की आपोआप बंद होतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा शॉक बसेल. पटलं. पण जनरेटरच्या जोडीला सोलर चालवणारा कंट्रोलर मिळतो, डिझेल तेवढं कमी जळतं. तो का नाही? "डिझाइनमध्ये नव्हता." वर्षभरात वापरली तेवढी वीज तयार केली की यांचा 'नेट झीरो'चा हिशेब जुळतो. लाइट गेल्यावर काय, हे त्यात कुठेच येत नाही. गच्चीवर तयार झालेले युनिट बिलातून वजा होतात, स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

बाकी इमारत चांगली आहे, हेही सांगतो. अरुंद बांधणी, उत्तर-दक्षिण खिडक्या, दिवसा दिवे जवळपास लागतच नाहीत. मजले मोजकेच, कारण एका किलोवॅटला साधारण 10 चौरस मीटर गच्ची जाते. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनात, म्हणजे पर्यावरण मंत्रालयाच्या नेट झीरो इमारतीत, 930 किलोवॅट बसवताना पॅनल इमारतीच्या कडेबाहेर काढावे लागले.

छतातल्या पाइपांतून फिरणाऱ्या गार पाण्याला मी आधी नावं ठेवली. उन्हातून आल्यावर झटकन गार वाटत नाही. मे संपेस्तोवर मत बदललं. झोत नाही, आवाज नाही, मान धरत नाही. नेहमीच्या एसीत चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, पाणी 7 अंशांपर्यंत उतरवावं लागतं, इथे 16 च्या आसपास भागतं, वीज तिथेच वाचते. इन्फोसिसने हैदराबादला एकाच इमारतीच्या अर्ध्या भागात हे आणि अर्ध्यात नेहमीचा एसी बसवून मोजलं, तर साधारण एक तृतीयांश वीज कमी लागली.

जुलैत मात्र कुणी खिडकी उघडली की दमट हवेने छताला पाणी सुटेल म्हणून सेन्सर गार पाणीच थांबवतो. एकाला पावसाची हवा हवी, बाकी मजला घामाघूम. खिडकीवर चिठ्ठी लावलीय, वाचतंय कोण!

कंट्रोलरसाठी लेखी अर्ज दिलाय. उत्तर नाही. भाडेवाढीचं पत्र मात्र वेळेवर आलं, पहिल्याच ओळीत 'नेट झीरो'.