‘रेक्का’ची बनावट कॅसेट: चालते, पण खरी नाही

फॅमिकॉमचा, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या आठ बिट गेम मशीनचा, ‘समर कार्निव्हल ’९२: रेक्का’ हा गेम घ्यायचा बेत असेल तर पैसे सोडण्याआधी हे वाचा. मला ३८,००० येनना मिळालेली कॅसेट झकास चालते. आवाज, रंग, शत्रूंचा धुमाकूळ, सगळं जागच्या जागी. तरी ती बनावट आहे.

गेम माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅक्सॅटनं तो जुलै १९९२ मध्ये जपानात काढला, ‘समर कार्निव्हल’ या शूटिंग गेमच्या स्पर्धेसाठी. बनवला किड या कंपनीनं, प्रोग्रॅमिंग शिनोबू यागावा यांचं. पुढे ‘बॅटल गॅरेगा’ हा शूटिंग गेम केला ते हेच. तोवर पुढचं मशीन, सुपर फॅमिकॉम, येऊन दीड वर्ष उलटलं होतं, जुन्या मशीनच्या नव्या कॅसेटकडे कोण बघणार? म्हणूनच आज ती दुर्मीळ आहे. खेळ मात्र असा की आठ बिटच्या डब्यातून हे निघतंय यावर विश्वास बसत नाही. पडदा शत्रूंनी गच्च, वेग दम काढणारा, आणि बॉम्ब हवा तर गोळीबार थांबवायचा, कारण बटणावरून बोट उचललं तरच तो भरतो. म्हणजे नेमकं जीव जायच्या वेळी हात आवरायचा! मी तो अजून पार केलेला नाही, हे जाता जाता.

मध्यंतरी निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातातल्या मशीनवर हा गेम स्वस्तात मिळायचा. मार्च २०२३ मध्ये ते ऑनलाइन दुकान बंद झालं. आता अधिकृत कॅसेट हवी तर टोकियोच्या सेकंडहँड बाजाराला शरण जायचं. आणि भाव चढला की नकला आल्याच.

पुण्या-मुंबईत लहानपणी आपण खेळलो त्या ‘इतके इन वन’ कॅसेटीही नकलीच होत्या, पण तिथं कुणी कुणाला फसवत नव्हतं. उघडलं की छोट्याशा बोर्डावर डांबरासारखा काळा थेंब, चिप त्याच्या आत. तो थेंब दिसला की माल बनावट, एवढं ज्ञान आपल्यापैकी बऱ्याच जणांना असतं. मला जपानात भेटलेला ठग त्याच्या दोन पावलं पुढे होता.

वस्तू एका जपानी ॲपवर होती, व्यक्तीकडून व्यक्तीला विक्री. मजकूर ठरावीक: कपाट आवरताना सापडली, मला यातलं काही कळत नाही, चालते की नाही पाहिलेलं नाही, नो क्लेम, नो रिटर्न. फोटोत कॅसेटच्या पाठीवर मार्करनं लिहिलेलं मुलाचं नाव, अर्धवट पुसलेलं. जपानात जुन्या कॅसेटींवर अशी नावं सर्रास असतात आणि त्यानं किंमत उतरते. इथं मात्र त्या नावामुळेच माल अस्सल वाटत होता. कुणाच्या तरी बालपणावर कोण शंका घेईल?

या ॲपवर पैसे आधी कंपनीकडे राहतात. माल मिळाल्याचं रेटिंग खरेदीदारानं दिलं की ते विक्रेत्याच्या खात्यात जातात. पार्सल आलं त्याच दिवशी अतिशय अदबीच्या जपानीत निरोप आला की उद्या गावी जायचंय, आजच रेटिंग दिलंत तर उपकार होतील. कॅसेट लावली, चालली, रेटिंग दिलं. संपला व्यवहार.

लेबल भिंगाखाली धरलं तेव्हा गडबड दिसली. बारीक काळी अक्षरं काळी नव्हतीच. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके एकमेकांवर पडून काळ्याचा भास होत होता. खऱ्या लेबलाचं स्कॅन करून छापलं की असं होतं. मग कॅसेट टोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानदाराकडे नेली. फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेटींना स्क्रू नसतो, खाचांवर बसवलेल्या असतात आणि उघडताना खाच तुटते. ठग नेमका याचाच फायदा घेतात. दुकानदारांनी पातळ पट्टी सरकवत ती अलगद उघडली. आत निन्टेंडोचाच बोर्ड, एचव्हीसी या फॅमिकॉमच्या खुणेनं सुरू होणारा क्रमांकही छापलेला, एमएमसी३ ही निन्टेंडोची मदतनीस चिपही खरी. पण दोन्ही रॉमच्या, म्हणजे गेम साठवणाऱ्या चिपांच्या, जागी वेगळ्या चिपा, सोल्डरचे डाग ताजे चकचकीत, दोन-तीन पिना उचलून बारीक तारांनी दुसरीकडे जोडलेल्या. एका चिपेवरचा कागद त्यांनी नखानं सोलला तर खाली गोल काचेची खिडकी: ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप! कारखान्यातून आलेल्या कॅसेटीत मास्क रॉम असतो, म्हणजे बनवतानाच गेम कायमचा कोरलेली चिप, त्याला खिडकी नसते. एमएमसी३ वापरणारे गेम पैशाला पासरी मिळतात, ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ त्यातलाच. असल्या एखाद्या गेमचा बोर्ड, तिसऱ्याच कुठल्या कॅसेटचं कवच, वर छापील लेबल.

दाद मागायला गेलो तर ॲपवाल्यांचं उत्तर असं की बनावट माल निषिद्ध आहे, पण व्यवहार पूर्ण झाला आहे. १८८ या जपानच्या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला नीट मिळाला, मात्र विकणारा धंदेवाईक नसून व्यक्ती असेल तर ग्राहक कायद्याचा आधार फारसा मिळत नाही, आणि ऑनलाइन खरेदीला कूलिंग ऑफ, म्हणजे ठरावीक दिवसांत विनाकारण व्यवहार मोडायची मुभा, मुळात लागूच नाही. पोलिसांचा सल्ल्याचा नंबर #९११०, तिथं नोंद केली. पैसे आलेले नाहीत. तो विक्रेताही ॲपवरून गायब आहे.

तेव्हा आधी आतल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा. सोल्डरचे डाग आणि चिपांवरचा छापील क्रमांक दिसला पाहिजे. चिपेवर कागद चिकटवलेला असेल तर विषय संपला. कितीही गोड निरोप आला तरी हे तपासून होईपर्यंत रेटिंग देऊ नका. आणि विक्रेत्याच्या बाकीच्या जाहिराती बघा. माझ्या ठगानं आणखी दोन महागड्या कॅसेटी लावल्या होत्या, दोन्ही वेगळ्या गेमच्या. तिन्हींच्या पाठीवर त्याच मुलाचं नाव, त्याच अक्षरात, तितकंच पुसलेलं.