लिनक्सवर सात महिने वाय-फाय: ड्रायव्हर गुणी, घोळ फर्मवेअरचा

मशीन साधी आहे: एम.२ स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरच्या छोट्या कार्डाच्या खाचेत) इंटेलचं एएक्स२०० वाय-फाय कार्ड, लिनक्सची डेबियन १२ ही आवृत्ती, सुरुवातीला तिचं मूळ ६.१ कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि नंतर बॅकपोर्ट्समधलं, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजं देणाऱ्या विभागातलं, नवं. सात महिन्यांत या कार्डासाठी एकदाही बाहेरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणावा लागला नाही, तो कर्नलमध्येच आहे. अडलं ते जवळपास प्रत्येक वेळी फर्मवेअरपाशी.

कार्डाला स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, पण त्याचा प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर, कार्डात कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी ड्रायव्हर फाइलचं नाव घेऊन कर्नलकडे ती मागतो, कर्नल ती '/लिब/फर्मवेअर' मध्ये शोधतो आणि मग ती कार्डात चढते. डेबियनमध्ये या फाइली ड्रायव्हरसोबत येत नाहीत, वेगळ्या पॅकेजमधून येतात. १२ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा स्वतंत्र विभाग आहे. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करताना सोर्सेसच्या यादीत (पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या फाइलीत) हा शब्द घालायचा राहिला, तर फर्मवेअर जुनंच राहतं आणि कोणी ओरडतही नाही.

आता लॉग. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) 'फेल्ड विथ एरर -२' दिसलं की लोक लगेच कार्ड बदलायला निघतात. -२ म्हणजे फक्त 'त्या नावाची फाइल सापडली नाही'. इंटेलच्या फाइलच्या नावात शेवटी एक क्रमांक असतो. ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या सर्वांत मोठ्या क्रमांकापासून खाली उतरत जातो. समजा त्याला ७७ हवी आहे आणि डिस्कवर ७२ आहे, तर मधल्या प्रत्येक क्रमांकासाठी -२ छापून येईल आणि शेवटी ७२ चढेल. खाली 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' ही ओळ असेल तर वरच्या लाल ओळी विसरा. 'डीबग-योयो' नावाच्या फाइलची तक्रारही तशीच निरुपद्रवी. 'नो सुटेबल फर्मवेअर फाउंड' आलं तर मात्र खरंच काम अडलंय. कर्नल बॅकपोर्ट्समधून घेतलं आणि फर्मवेअरचं पॅकेज जुनंच ठेवलं, की ही वेळ येऊ शकते. दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या.

-११० हे वेगळं दुखणं. तिथे फाइल सापडलेली असते, कार्डच वेळेत उत्तर देत नाही. त्याच मशीनवर विंडोज असेल तर आधी त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते कार्डाला अर्धवट झोपेत सोडून जाऊ शकतं.

फाइल डोळ्यांसमोर असूनही -२ येत असेल तर तिचं एक्स्टेन्शन बघा. दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइली वाचण्याची सोय कर्नलमध्ये ५.३ पासून एक्सझेड या प्रकारासाठी आणि ५.१९ पासून झेडस्टँडर्ड या प्रकारासाठी आली, पण कर्नल बनवताना तो पर्याय चालू केलेला असेल तरच. दुसऱ्या डिस्ट्रोमधून (लिनक्सच्या दुसऱ्या वाणातून) उचलून आणलेली फाइल इथे हमखास फसवते; उघडून साधी करून ठेवा. हाताने ठेवायचीच असेल तर फर्मवेअरच्या फोल्डरात 'अपडेट्स' नावाचं उपफोल्डर करा. कर्नल तिथे आधी बघतो आणि पॅकेजचं अपडेट त्याला हात लावत नाही. फाइल बदलल्यावर मॉडप्रोब या कमांडने आधी आयडब्ल्यूएलएमव्हीएम आणि मग आयडब्ल्यूएलवायफाय ही इंटेलच्या ड्रायव्हरची मॉड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारे भाग) काढून पुन्हा चढवली की पुरतं, रीबूटची गरज नाही.

कर्नल स्वतः बनवणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा: सीएफजी८०२११ (कर्नलमधला वाय-फायचा सामायिक भाग) मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच घातलं, तर ते देशांच्या नियमांची 'रेग्युलेटरी डॉट डीबी' फाइल रूट फाइलसिस्टम माउंट होण्याआधीच मागतं. अर्थातच मिळत नाही, आणि ५ गिगाहर्ट्झचे बरेच चॅनल अडून बसतात. त्याला मॉड्यूलच ठेवा, किंवा ती फाइल आणि तिची सही असलेली दुसरी फाइल, दोन्ही कर्नलच्या इमेजमध्ये घाला.

वेग उत्तम आहे, पण एसएसएचवर (दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलवर नेटवर्कमधून) टाइप करताना अक्षरं अडखळत होती. कारण पॉवर सेव्ह, म्हणजे कार्डाची वीज वाचवण्याची सोय. नेटवर्कमॅनेजरच्या (लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये वायफाय-पॉवरसेव्हला २ दिलं की ते बंद होतं. इथे ० म्हणजे बंद नव्हे, ते 'डीफॉल्ट वापरा' असतं. या एका आकड्यात बऱ्याच जणांची संध्याकाळ जाते.

सोबत वापरलेल्या यूएसबी डोंगलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्याचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा, डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बनवणाऱ्या साधनाने) बांधलेला. कर्नलचं अपडेट आलं आणि हेडर्सचं (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींचं) पॅकेज सोबत आलं नाही की नेट गेलं. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेतच नाही. असं डोंगल घेऊ नये. घ्यायचंच तर डब्यावरच्या नावापेक्षा आतली चिप विचारा, कारण त्याच नावाखाली पुढच्या खेपेत वेगळी चिप येऊ शकते.

अंतर्गत कार्डांत एटीएच९के ड्रायव्हरवर चालणाऱ्या जुन्या पीसीआय चिपना फर्मवेअरची फाइल लागतच नाही; वेग ८०२.११एन या जुन्या वाय-फाय मानकापुरता, पण डोक्याला ताप नाही. मीडियाटेकच्या एमटी७९२१ साठी कर्नल किमान ५.१२ हवं. आणि एएक्स२००ऐवजी चुकून एएक्स२०१ मागवू नका: ते सीएनव्हीआय प्रकारचं आहे, अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटवर सोपवतं, आणि एएमडीच्या मदरबोर्डवर स्लॉटमध्ये नीट बसूनही एलएसपीसीआय या कमांडने दाखवलेल्या हार्डवेअरच्या यादीत दिसत नाही.