सॅटिन बॉवरबर्डचा भिंतीवरील तक्ता : मादी सुरेख, नराचा डोळा चुकलेला

रत्नागिरीच्या बाजारातील शालेय साहित्याच्या एका दुकानातून मी आमच्या शाळेसाठी परदेशी पक्ष्यांचे तक्ते आणले. त्यांपैकी ऑस्ट्रेलियातील सॅटिन बॉवरबर्डचा तक्ता वर्गात लावताच पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा तर आपला कोकीळ!" काळाभोर चकचकीत नर, फिकट चोच आणि लालभडक डोळा पाहून आंब्याच्या दिवसांत रोज कोकीळ पाहणारी मुले दुसरे काय म्हणणार?

चूक मुलांची नव्हे, चित्राची आहे. या पक्ष्याचा डोळा, नराचा असो वा मादीचा, निळसर जांभळा असतो. हीच त्याची मोठी ओळख आहे आणि नेमकी तीच छपाईत हरवली आहे. नराच्या काळ्या पिसांवरची निळी झळाळी पिसांच्या रचनेमुळे, प्रकाश पडल्यावरच दिसते. तीही इथे सपाट काळी उतरली आहे.

मादीचे चित्र मात्र मन लावून काढले आहे. पाठीचा शेवाळी हिरवा रंग, तपकिरी पंख आणि फिकट पोटावरील खवल्यांसारखी गडद नक्षी इतकी स्वच्छ आहे की मुले जवळ जाऊन बोट फिरवत होती. लहान नरही असाच दिसतो आणि पूर्ण काळा पिसारा त्याला साधारण सातव्या वर्षी येतो, हेही चित्राखाली नोंदवले आहे, याचे मला विशेष कौतुक वाटले.

वर्गीकरणाचा मजकूर अर्धा बरोबर आहे. टिलोनोरिंकस व्हायोलेशियस हे शास्त्रीय नाव आणि दोन उपजाती, एक आग्नेय ऑस्ट्रेलियातील व दुसरी उत्तर क्वीन्सलँडमधील, अचूक दिल्या आहेत. परंतु बर्ड ऑफ पॅराडाइजचे कुळ याचे सर्वांत जवळचे नातलग असल्याचे विधान कालबाह्य आहे. नटलेल्या नरांमुळे पूर्वी तसे मानले जाई, पण डीएनएच्या अभ्यासानंतर बॉवरबर्डचे कुळ गायक पक्ष्यांच्या फार जुन्या शाखेत, ऑस्ट्रेलियातील झाडांच्या खोडावर चढणाऱ्या ट्रीक्रीपर पक्ष्यांशेजारी ठेवले जाते. (आपल्याकडचा स्वर्गीय नर्तक या दोघांहून वेगळा, हे मुलांना आवर्जून सांगावे लागले.)

कागद जाड आहे, पण समुद्राकाठच्या दमट हवेत लॅमिनेशनच्या कडा महिनाभरात सुटू लागल्या. दुकानदार तक्ता परत घ्यायला तयार होते, तरी मादीच्या चित्रासाठी मी तो ठेवला आणि नराच्या डोळ्यावर जांभळ्या कागदाची टिकली चिकटवली.