‘जेल सीट’ करून घेतली आणि मूळ सीटही हातची गेली

कुरियरच्या दोन पावत्या माझ्या टेबलाच्या खणात आठ महिने पडून होत्या. एकीवर वजन ४.६ किलो, दुसरीवर ३.९. पहिली मी बाईकची सीट कारागिराकडे पाठवली तेव्हाची, दुसरी ती ‘फुल जेल’ होऊन, म्हणजे आत मऊ, लवचिक जेलचा थर भरून परत आली तेव्हाची. खोकं तेच, आतलं गुंडाळणंही तेच. जेल भरल्यावर सीट सातशे ग्रॅमनी हलकी कशी झाली, हा प्रश्न मला आठ महिन्यांत एकदाही पडला नाही. म्हणून हे लिहितोय. पैसे गेले ते गेले, पण माझ्या सांगण्यावरून आणखी दोघांचे गेले, ते जास्त टोचतं.

माझी मूळ सीट वाईट नव्हती, हे आता कळतं. तेव्हा मात्र तिच्या नावाने बोटं मोडायचो. पहिला तास बरा जायचा. दीड तासाने या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर सरकणं सुरू व्हायचं. दोन तासांनी गतिरोधक दिसला की आनंद व्हायचा, कारण फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहायला निमित्त मिळायचं. शिवाय सीटला पुढे उतार होता. प्रत्येक ब्रेकला मी टाकीकडे घसरायचो आणि मग ढोपरांनी स्वतःला मागे रेटायचो. चारशे किलोमीटर झाले की उतरताना चाल अशी व्हायची की सोबतचे हसायचे.

शोधता शोधता एका सीटवाल्यापर्यंत पोचलो. नाव देत नाही, गरजही नाही, कारण हाच खेळ वेगवेगळ्या नावांनी चालतो. तो इतरांसारखा ‘पाठवा, करून देतो’ म्हणाला नाही, तिथेच मी गुंडाळला गेलो. त्याने एक फॉर्म पाठवला. उंची, वजन, पायाची आतल्या बाजूने लांबी, नेमकं कुठे दुखतं (बसण्याच्या हाडांवर, माकडहाडावर की मांडीच्या आतल्या बाजूला), मागे कोणी बसतं का. बाईकवर बसलेला आडवा फोटोही मागितला. आता खरं सांगायचं तर चांगला कारागीर हेच सगळं विचारतो. म्हणून तर विश्वास बसला.

मग फोनवर नासा आली. “सर, आपला मेमरी फोम म्हणजे नासाचं तंत्रज्ञान.” हे खोटं नाही. मेमरी फोम १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या कामातून निघाला, विमानांच्या सीटसाठी. पण फोम कुठे जन्मला यावरून तो माझ्या रेक्झिनखाली आहे की नाही ते कसं कळणार? शिवाय हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि थंडीत कडक होतो. नुसत्या त्याच्यावर बसलं तर माणूस हळूहळू खालच्या प्लॅस्टिकपर्यंत उतरतो. वर पातळ थर म्हणून ठीक, पाया म्हणून नाही. त्यानंतर एका गिऱ्हाइकाचं प्रमाणपत्र आलं. लांब पल्ला मारणाऱ्या बाईकवाल्यांच्या आयर्न बट असोसिएशन या संघटनेचं, २४ तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर. “आपल्या सीटवर केलंय सर.” ते प्रमाणपत्र चालवणाऱ्याला मिळतं, सीटला नाही. जिद्दी माणूस फळीवर बसूनही ते मिळवेल. हे सगळं मला आज सुचतंय. त्या दिवशी मी पूर्ण पैसे भरले.

अटी तीन होत्या आणि एकेकटी वाचली तर कुठलीच खटकत नव्हती. तक्रार पंधरा दिवसांत करायची. नवी सीट ‘सेट’ व्हायला २,००० किलोमीटर लागतात, तोवर मत बनवायचं नाही. आणि कव्हर उघडलं तर गॅरंटी रद्द. आता तिन्ही एका रांगेत ठेवून बघा. नोकरीधंदा करणारा माणूस पंधरा दिवसांत २,००० किलोमीटर चालवणार कधी? चालवेपर्यंत मुदत संपलेली असते. आणि आत काय आहे ते बघायला गेला तर हक्क संपतो. मुदत संपल्यावर गॅरंटीचं आमिष, गॅरंटी मागितली की उघडल्याचा ठपका. सगळा धंदा या फटीत उभा होता.

नवी सीट सेट व्हायला वेळ लागतो, हेही अर्धं खरंच. चांगला घट्ट फोम आणि चामडं सुरुवातीला ताठ असतं, वापराने थोडं मवाळतं. पण ते ताठपणाकडून आरामाकडे जातं. माझी सीट पहिल्या दिवशी मऊ होती आणि दर आठवड्याला आणखी बसत गेली. उलट दिशेने जाणाऱ्या गोष्टीला सेट होणं म्हणत नाहीत.

आली तेव्हा मात्र देखणी होती. वर हिऱ्याच्या आकाराची शिलाई, कडेला लाल दोरा. घरात जमिनीवर ठेवून प्रत्येकाने दाबून पाहिली. बाईकला लावून गल्लीत एक चक्कर मारली आणि वाटलं, पैसे वसूल. त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज आला: पाच तारे आणि दोन ओळी लिहिल्या तर सीटचं रेनकव्हर फुकट. मी दोन ओळींच्या जागी दोन परिच्छेद लिहिले. फोटो टाकले. राइडला सोबत येणाऱ्या दोघांना फोन करून सांगितलं, डोळे मिटून करून घे. त्यांनी डोळे मिटले.

दुकानात किंवा गल्लीत सीट कळत नाही, यामागे साधं कारण आहे. मऊ फोमवर बसल्या बसल्या सगळा पार्श्वभाग टेकतो, भार पसरल्यासारखा वाटतो आणि सुख होतं. तासाभरात फोम दबतो. बसण्याची दोन हाडं त्याला भेदून खालच्या प्लॅस्टिकच्या पॅनवर टेकतात, आणि हाडांनी पेलायचा उरलेला भार मधल्या नाजूक मांसावर येतो. मुंग्या येतात, मग बधिरपणा. घट्ट फोमचं याच्या उलट असतं. पहिल्या दहा मिनिटांत तो कडक वाटतो, तिसऱ्या तासाला त्याची किंमत कळते. फसवणाऱ्याला फक्त पहिली दहा मिनिटं जिंकायची असतात.

पहिल्या मोठ्या राइडला ऐंशी किलोमीटरवरच मला हे सगळं भोगायला मिळालं. शिवाय नवं दुखणं. त्याने सीटचा पुढचा भाग रुंद केला होता. दिसायला ऐसपैस, पण त्यामुळे मांड्या फाकल्या आणि सिग्नलला पाय पुरेना. सीटची उंची न वाढताही बाईक उंच झाली. एकदा उतारावर थांबताना गाडी कलली ती मागून आलेल्या दुसऱ्या बाईकवाल्याने धरली म्हणून वाचली. आणि उतार? तो तसाच होता. ज्याच्यासाठी मी फॉर्ममध्ये तीन ओळी खरडल्या होत्या, त्याला कोणी हात लावला नव्हता.

फोन केला.

“किती किलोमीटर झाले सर?”

“सहाशे.”

“मग अजून काय बोलायचं! जेलला तुमच्या शरीराचा आकार घेऊ द्या.”

मी मुकाट्याने फोन ठेवला. वर स्वतःलाच समजावलं की माझी बसायची पद्धत चुकत असेल. दुखणं आपल्या अंगात असतं, म्हणून दोषही आपलाच वाटतो. त्यातून आपणच जगभर कौतुक केलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

पावसाने भांडं फोडलं. एका दुपारी जोरदार सर आली, तासाभरात ऊन पडलं, कपडे वाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या सीटवर बसलो आणि पँट ओली. त्या हिऱ्यांच्या शिलाईतलं सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. खाली पाणी अडवणारा कागद लावलेला नसेल तर फोम स्पंजासारखं पाणी पितो आणि आपण बसलो की पिळला जातो. बसण्याच्या जागेवर शिलाई नको म्हणतात ते यासाठी, आणि शिवणीचा उंचवटा लांबच्या प्रवासात टोचतो तेही वेगळंच. फोम वाळवायचा तर उघडणं भाग होतं. गॅरंटी गेली खड्ड्यात, म्हटलं.

सीट उलटी केली. पिना गंजलेल्या. स्क्रूड्रायव्हरने एकेक उचकटल्या, कव्हर सोललं. जेल होतं! तळहाताएवढा निळा तुकडा, अर्धा सेंटिमीटर जाड, तोही फोमवर फेव्हिकॉलसारख्या कशाने तरी चिकटवलेला आणि जिथे माझी हाडं टेकतात तिथून चार बोटं पुढे. मेमरी फोम नव्हताच. बाकी सगळा पिवळट गादीचा फोम. आणि कंपनीचा साच्यात ओतलेला मूळ फोम, ज्याच्यावर ‘वरून जेल बसवून’ मिळणार होतं, तो गायब.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. वाळलेल्या फोमचा १० सेंटिमीटर लांब, १० रुंद, ५ जाड असा तुकडा कापला. म्हणजे ५०० घन सेंटिमीटर. बिलावर ‘६० डेन्सिटी’ लिहिलं होतं, म्हणजे घनमीटरला ६० किलो. त्या हिशोबाने तुकडा ३० ग्रॅमचा हवा. काटा ११ वर थांबला. म्हणजे डेन्सिटी २२. बरं, डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हेही तेव्हाच नीट समजलं. डेन्सिटी म्हणजे दिलेल्या आकारात माल किती. ती जास्त असेल तर फोम बरीच वर्षं आकार धरतो. कडकपणा वेगळा मोजतात. सीटवाला दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी फिरवत होता आणि मी माना डोलवत होतो.

पावत्या आठवल्या त्या याच रात्री. जेल पाण्याइतकं जड असतं. ३० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १ जाड जेलचा पट्टा धरला तर पाऊण किलोच्या आसपास भरतो. खरंच फुल जेल असती तर सीट जड व्हायला हवी होती. इथे कंपनीचा भरीव फोम गेला आणि गादीचा हलका फोम आला, म्हणून वजन घटलं. सगळं छापील, माझ्याच खणात. (आणि जेल ‘थंड ठेवतं’ म्हणतात तेही क्षणभराचं. पहिल्यांदा टेकल्यावर गार लागतं, पण उन्हात उभ्या बाईकवरचं जेल तापलं की लवकर निवत नाही.)

पुढचा रविवार सगळ्यात वाईट गेला. माझ्या सांगण्यावरून सीट केलेल्या पहिल्या मित्राला बोलावलं आणि त्याचीही उघडली. तो माझ्यापेक्षा वीस किलोंनी हलका, उंचीने बुटका, बाईक वेगळी. आत तोच पिवळा फोम, तोच निळा तुकडा, तीच जागा. मग त्या फॉर्मचं काय केलं असेल? मित्र काही बोलला नाही. पिना गोळा करून वाटीत टाकत राहिला.

सीटवाल्याला फोटो पाठवले. उत्तर दोन दिवसांनी आलं: “कव्हर उघडल्यामुळे गॅरंटी संपली आहे.” मूळ फोम परत मागितला तर म्हणाला, तो खराब झाला होता, टाकून दिला. आठ महिन्यांपूर्वी पाठवताना काढलेला फोटो माझ्याकडे होता, त्यात सीट धडधाकट दिसत होती, पण कव्हर चढवलेली. आतल्या फोमचा पुरावा माझ्याकडे शून्य. पाच ताऱ्यांचं कौतुक बदलून खरं लिहिलं. त्यावर त्याने माझंच जुनं कौतुक चिकटवून विचारलं, “तेव्हा काय झालं होतं सर?” याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही सीट करून घेणार असाल तर एक गोष्ट आधी करा: आपल्या मॉडेलची जुनी, वापरलेली सीट मिळवा आणि ती कामाला द्या. मूळ सीट घरी राहू द्या. मी हे केलं असतं तर अर्धं रडगाणं लिहावं लागलं नसतं. कव्हर चढवण्याआधी आतल्या फोमचा फोटो मागा, त्यात तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून. खरा कारागीर हसेल, पण पाठवेल. उरलेल्या फोमचा तुकडा मागून घ्या, काटा सगळ्यांच्या घरी असतो. सीट जाताना आणि येताना स्वतः वजन करा. तक्रारीची मुदत दिवसांत नको, किलोमीटरमध्ये लिहून घ्या, आणि सगळे पैसे आधी देऊ नका. शक्य असेल तर त्याने केलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी सीटवर सलग दोन तास बसा. आणि कौतुक लिहायचं असेल तर पहिला पाऊस होऊन जाऊ द्या.

माझ्यापुरतं बोलायचं तर वापरलेली एक मूळ सीट मिळाली. तिच्या पुढच्या भागात पाणी न पिणाऱ्या क्लोज्ड-सेल फोमची पाचर बसवून उतार घालवला, शिलाई नसलेलं साधं रेक्झिन लावलं. वर लांबच्या प्रवासात मेंढीचं कातडं टाकतो, हवा खेळती राहते. परवा चारशे किलोमीटर केले. दुखलं, पण चाल शाबूत होती. मुळात मला जेलची गरजच नव्हती. उतार काढायला हवा होता, आणि ते मी पहिल्याच दिवशी फॉर्मवर स्वतः लिहून दिलं होतं.

मित्राची सीटही मीच करून देतोय. फोम आलाय, सहा मिलिमीटरच्या पिना आल्यात, रेक्झिनचा रंग त्याने ठरवायचाय. दुसऱ्या मित्राने अजून फोन उचललेला नाही.